माणसाला किती मंडळं लागतात?

अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झर नावाचं गाव आहे. तिथल्या बालगृहात वाढलेल्या सव्वाशेच्या आसपास मुलामुलींचं आडनाव एकच: पापळकर. कोणी रेल्वे स्थानकावर सोडून दिलेलं, कोणी बसस्थानकावर, कोणी कचराकुंडीत सापडलेलं. बहुतेक जण मतिमंद, मूकबधिर किंवा दृष्टिहीन. जन्मदात्यांचा पत्ता कोणालाच ठाऊक नाही. शंकरबाबा पापळकरांनी या सगळ्यांच्या नावापुढे वडील म्हणून स्वतःचं नाव लावलं. शाळेच्या दाखल्यावर, आधार कार्डावर, लग्नपत्रिकेवर तेच नाव आलं. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांच्या दयाळूपणाबद्दल भरभरून लिहिलं. मला त्या कामात दयेपेक्षा मोठी गोष्ट दिसते. अंथरूण, जेवण, औषध तर कोणत्याही सरकारी बालगृहात मिळतं. वझ्झरला त्यासोबत ‘तू कोणाचा?’ या प्रश्नाचं उत्तर मिळालं. शिवाय प्रत्येकाला जमेल तसं काम मिळालं. परिसरातली हजारो झाडं याच मुलांनी लावली आणि जगवली. इथली एक दृष्टिहीन मुलगी पुढे एमपीएससीची परीक्षा उत्तीर्ण होऊन सरकारी नोकरीत गेली.

कायद्याच्या हिशेबाने अठरा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाने बालगृह सोडायचं असतं. हा नियम या मुलांना लावू नका, यांचं पुनर्वसन आयुष्यभराचं असू द्या, हे शंकरबाबा वर्षानुवर्षं सरकारला सांगत आले आहेत. अठराव्या वाढदिवशी घरातून बाहेर जावं लागणार असेल, तर ते आडनाव नुसतं कागदावरचं ठरतं.

‘तू कोणाचा?’ या प्रश्नाकडे नीट बघायला मानसशास्त्राने बराच वेळ घेतला. मन ही एकेकट्या माणसाच्या डोक्यातली चीज आहे असं मानूनच शंभरेक वर्षं उपचार चालले. त्या समजुतीला मोठा धक्का दिला हेन्री ताजफेल यांनी. पोलंडमध्ये ज्यू कुटुंबात जन्मलेला हा माणूस दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यातून लढताना जर्मनांच्या कैदेत पडला. कैदेत तो जगला, कारण त्याला फ्रेंच सैनिक म्हणून मोजलं गेलं. युद्ध संपलं तेव्हा त्याचे जवळजवळ सगळे नातेवाईक मारले गेले होते. कोणत्या गटात आपली मोजणी होते यावर जीव अवलंबून असतो, हे त्यांनी स्वतः भोगलं होतं. पुढे इंग्लंडमध्ये ब्रिस्टॉलला त्यांनी शाळकरी मुलांवर प्रयोग केले. मुलांना सांगितलं, तुम्हाला क्ले या चित्रकाराची चित्रं आवडली, तुम्हाला कांडिन्स्कीची, म्हणून हे दोन गट. ओळखदेख नाही, भांडण नाही, फायदा नाही. तरी मुलं आपल्या गटाला झुकतं माप देऊ लागली. माणूस ‘मी कोण’ हे ठरवताना ‘आम्ही कोण’ हे आधी बघतो, असा त्यांच्या सिद्धांताचा गाभा. वऱ्हाडातल्या खेड्यात पारावरचा म्हातारा परक्या पोराला ‘कोनाचा व्हय रे तू?’ असं विचारतो, तेव्हा तोही नावाआधी गट विचारत असतो.

ऑस्ट्रेलियात काम करणारे अलेक्झांडर हॅस्लम, कॅथरीन हॅस्लम आणि योलांडा येटन यांनी हा धागा आरोग्यापर्यंत नेला. त्यांचं म्हणणं असं की गटाचा उपयोग केवळ सोबतीपुरता नसतो. गटामुळे जगण्याला अर्थ येतो, आपल्या हातून काही होऊ शकतं असा विश्वास येतो आणि संकटात मिळालेली मदत ‘मदत’ वाटते. हे शेवटचं फार मोलाचं आहे. हात तोच, पैसेही तेवढेच. पण आपल्या माणसाने दिले तर आधार, परक्याने दिले तर उपकार. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला मिळणारी एक लाखाची सरकारी मदत घ्या. ती मिळण्याआधी ते मरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे ठरतं. त्या चौकशीतून गेलेल्या घरातल्या माणसांना तो पैसा आधार का वाटत नाही, हे समजायला अवघड नाही.

या सगळ्याचं मोजमाप झालेलं आहे. २०१० साली जूलिअन होल्ट-लनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसांची नोंद होती. ज्यांचे सामाजिक संबंध भक्कम, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त निघाली. मला त्याहून बोलका वाटतो तो २०१६ मधला इंग्लंडमधल्या निवृत्तांचा अभ्यास. निवृत्तीआधी दोन गटांत असलेल्यांनी निवृत्तीनंतर दोन्ही गट टिकवले, तर पुढच्या सहा वर्षांत मृत्यूची शक्यता २ टक्के होती. एक गट सुटला तर ५ टक्के. दोन्ही सुटले तर १२ टक्के. अमरावतीत वडाळी तलावाकडे किंवा छत्री तलावाकडे रोज पहाटे फिरायला जाणाऱ्या निवृत्त गुरुजींच्या घरच्यांनी हे आकडे जरूर वाचावेत. बाबांचं ‘रिकामं गप्पा मारणं’ बंद करून त्यांना पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या फ्लॅटवर नेताना आपण त्यांच्यापासून काय काढून घेतोय, याचा अंदाज येईल.

आपल्या भागाला ही गोष्ट संशोधकांच्या आधी कळली होती असं म्हणणं सोपं आहे. अभिमानापोटी तसं म्हणण्यापेक्षा नेमकं काय कळलं होतं, ते बघू. तुकडोजी महाराजांचा जन्म १९०९ चा, अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचा. १९३५ साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा केला. त्यांचं सगळ्यात टिकाऊ काम मला सामुदायिक प्रार्थना हे वाटतं. ध्यान एकट्याने करता येतं, भजन एकट्याने म्हणता येतं. महाराजांनी ते संध्याकाळी, ठरलेल्या वेळी, रांगेत बसून, सगळ्यांनी मिळून करायला लावलं. गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांनी ही रीत आजवर चालवली आहे. प्रार्थनेआधी जागा झाडायची, बैठका अंथरायच्या, खंजिरी काढायची, आलेल्याला जागा करून द्यायची. यातलं प्रत्येक काम कोणाकडे तरी असतं. ज्याच्याकडे बैठका अंथरण्याचं काम आहे, तो एक दिवस आला नाही तर लगेच कळतं. अश्विन वद्य पंचमीला, पुण्यतिथीच्या दिवशी, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मोझरीत जमलेला अफाट जनसमुदाय एकाच क्षणी स्तब्ध उभा राहतो. त्या गर्दीत उभा असलेला माणूस त्या वेळी कर्जदार नसतो की भूमिहीन नसतो.

एका तालात, एका वेळी काही करण्याचा शरीरावर परिणाम होतो. ऑक्सफर्डला रॉबिन डन्बर आणि सहकाऱ्यांनी बारा नावाड्यांवर हे तपासलं. तेवढेच श्रम, तेवढाच वेळ. पण एकट्याने वल्ही मारल्यावर वेदना सोसण्याची ताकद जितकी वाढली, त्याच्या जवळजवळ दुप्पट ती सगळ्यांनी मिळून वल्हवल्यावर वाढली. मेंदूत तयार होणारी, वेदना शमवणारी रसायनं एकत्र लयीत काम करताना अधिक स्रवतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. खंजिरीच्या ठेक्यावर पन्नास माणसं एका सुरात म्हणतात तेव्हा अंगात जे होतं, ते याच जातीचं असावं.

अकोल्याची कावड हेही असंच. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामच्या पूर्णा नदीचं पाणी घेऊन वस्त्यावस्त्यांची शिवभक्त मंडळं रातोरात अनवाणी अकोल्याला येतात आणि ग्रामदैवत राजराजेश्वराला जलाभिषेक करतात. काही कावडींना शेकडो भरणे, म्हणजे पाण्याने भरलेली भांडी, बांधलेले असतात. एवढं वजन एकट्यादुकट्याला उचलवत नाही. खांदा बदलत, एकमेकांच्या पावलाला पाऊल देत चालावं लागतं. बाहेरच्याला यात गर्दी, चिखल आणि पायाचे फोड दिसतात. अलाहाबादच्या (आताच्या प्रयागराजच्या) माघ मेळ्याबद्दलही बाहेरच्यांना असंच वाटायचं: कडाक्याची थंडी, सतत कानावर आदळणारा आवाज, गंगेचं गार पाणी, अशा जागी महिनाभर राहणारे कल्पवासी आजारीच पडत असणार. भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी २०११ च्या मेळ्यात ४१६ कल्पवासींची आधी आणि नंतर माहिती घेतली. मेळ्याला न गेलेल्या १२७ गाववाल्यांशी त्यांची तुलना केली. मेळ्याहून परतल्यानंतर महिन्याभरानेही कल्पवासींना आपली तब्येत आणि मन अधिक बरं वाटत होतं. पुढच्या विश्लेषणात कारणही दिसलं: शेजारचा अनोळखी यात्रेकरू ‘आपल्यातला’ वाटणं. ज्याला तसं वाटलं नाही, त्याच्या वाट्याला हा फायदा तितकासा आला नाही. म्हणजे गर्दीत उभं राहिल्याने काही होत नाही. त्या गर्दीने आपल्याला मोजलं पाहिजे.

आणि न मोजण्याची शिक्षा फार कठोर असते. २००३ साली अमेरिकेत नाओमी आयझेनबर्गर यांनी एक साधा प्रयोग केला. माणसाला संगणकावर दोघांबरोबर चेंडू फेकण्याचा खेळ खेळायला दिला आणि थोड्या वेळाने बाकीचे दोघे त्याच्याकडे चेंडू टाकेनासे झाले. एवढंच. शारीरिक वेदनेशी संबंधित असलेल्या मेंदूच्या एका भागात त्या वेळी हालचाल वाढलेली दिसली. संगणकावरच्या चेंडूने ही अवस्था, तर गावाने वाळीत टाकलेल्या घराची काय होत असेल?

याचं उत्तर अमरावतीच्या तपोवनात आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन, म्हणजे दाजीसाहेब, यांनी १९४० च्या दशकात तिथे कुष्ठरुग्णांसाठी जगदंबा कुष्ठनिवास उभारलं. कुष्ठरोगाचे जंतू शरीरातले मज्जातंतू निकामी करतात, पण रोग्याला त्याहून आधी घर सोडावं लागायचं. औषधाने बरा झालेला माणूसही परत जायला घाबरायचा, कारण गावाने त्याला पुसून टाकलेलं असायचं. दाजीसाहेबांनी नुसता दवाखाना काढला नाही. शेती, हातमाग, सुतारकाम, शाळा असं जगण्याचं सगळं त्या जागेत आणलं. ज्याला गावाने बाहेर काढलं, त्याला नवं गाव मिळालं, आणि त्यात त्याच्या हाताला किंमत होती. १९५९ साली पद्मश्रीने या कामाची दखल घेतली. कायद्याला मात्र खूप उशीर झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून विवाहविषयक कायद्यांतून वगळलं गेलं ते २०१९ साली. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्धचा कायदाही महाराष्ट्राने केला तो २०१६ मध्ये. कुटुंबाला वाळीत टाकणं हा आता तीन वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाचा गुन्हा आहे.

इथवर गट म्हणजे औषध असं चित्र उभं राहतं. अमरावती विभागात राहणाऱ्या माणसाला तिथे थांबता येत नाही. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम या पाच जिल्ह्यांत शेतकरी आत्महत्यांच्या सरकारी नोंदी २००१ पासून होत आहेत, आणि हा प्रदेश एकटेपणाचा मुळीच नाही. इथे भावकी आहे, सोयरे आहेत, देवळं आहेत, सप्ताह आहेत. मग?

एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १८९७ मध्येच बजावलं होतं की समाजाशी नातं फार सैल असेल तर माणूस धोक्यात असतो आणि फार आवळलेलं असेल तरीही. कोरडवाहू कपाशीवाल्या शेतकऱ्याच्या खांद्यावरचं ओझं कर्जाचं असतं, नापिकीचं असतं, भावाचं असतं. ती कारणं पहिली, आणि ती मनोविकाराच्या नावाखाली झाकली जाऊ नयेत. पण त्याच कर्जात एकजण तगतो आणि दुसरा कोसळतो, तिथे गटाचा प्रश्न येतो. ज्या भावकीत मान हीच ओळख, तिथे मुलीचं लग्न मोडणं, वसुलीवाला दारात येणं, सावकाराने चारचौघांत नाव घेणं हा सगळ्या ओळखीवरचा घाव होतो. आधार देणारा गट आणि लाज आणणारा गट एकच असतो. त्याच्यापासून तोंड लपवलं की जायला दुसरी जागा उरत नाही. म्हणून माणूस आधी पारावर येणं बंद करतो, मग टपरीवर, मग लग्नाकार्यात. लोक म्हणतात, कामात असेल.

वऱ्हाडातला शेतकरी कपाशीच्या ओळींमध्ये तुरीचं तास ठेवतो. कपाशी बोंडअळीने गेली तरी तूर हाती लागते. माणसाच्या ओळखीचंही तसंच हवं. शंकेची गरज नाही, कारण हेही मोजून झालं आहे. २०१३ साली टेगन क्रूस आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या चार हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली. एकदा नैराश्य येऊन गेलेली, कोणत्याच गटात नसलेली माणसं एका गटात सामील झाली, तर नैराश्य परत येण्याचा धोका २४ टक्क्यांनी कमी झाला. तीन गटांत सामील झाली तर ६३ टक्क्यांनी. गट कोणता याला फार महत्त्व नव्हतं. खेळाचा, प्रार्थनेचा, वाचनाचा, कामगार संघटनेचा, कुठलाही चालला; त्यात मनापासून असणं महत्त्वाचं.

जुन्या अमरावतीने असे वेगवेगळे गट हौसेने उभे केले होते. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे जाऊन भारतीय खेळ दाखवून आले. पंजाबराव देशमुखांनी श्रद्धानंद छात्रालय काढलं, ते सगळ्या जातींच्या मुलांनी एका छताखाली राहावं म्हणून. आखाड्यातल्या पोराची ओळख त्याच्या मल्लखांबावर ठरायची आणि छात्रालयातल्या पोराची एकाच पंगतीत जेवण्यावर. जन्माने मिळालेल्या गटाला बाजूला न सारता त्याच्या शेजारी दुसरा गट उभा राहिला. अलीकडे २०१६ साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेसाठी वरुड तालुक्यातल्या गावांत श्रमदानाला माणसं उतरली, तेव्हा जलसंधारणाबरोबर हेही घडलं. वर्षानुवर्षं बांधावरून भांडणारे एकाच टोपल्याला हात लावत होते.

या पार्श्वभूमीवर विश्राम प्रकल्पाकडे बघावं. डॉ. राहुल शिधये, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत तो राबवला. मानसोपचारतज्ज्ञ खेड्यात येऊन बसेल ही आशा धरण्यात अर्थ नव्हता. म्हणून गावातल्याच माणसांना प्रशिक्षण दिलं. त्यांनी छोट्या बैठका घेतल्या, ताणाबद्दल लोकांच्या भाषेत बोलायला सुरुवात केली, ज्याला गरज आहे त्याला धीर आणि समुपदेशन दिलं, आणि अधिक त्रास असणाऱ्याला डॉक्टरपर्यंत पोचवलं. सुरुवातीच्या पाहणीत नैराश्य असलेल्या शंभरातले जेमतेम चार जण कोणाकडे तरी मदत मागत होते: ४.३ टक्के. अठरा महिन्यांनी हे प्रमाण २७.२ टक्के झालं. नैराश्याचं प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आलं. मागच्या वर्षभरात आत्महत्येचे विचार येऊन गेल्याचं सांगणारे ५.२ टक्के होते, ते २.५ टक्के झाले. प्रकल्प नसलेल्या गावांशी तुलना केलेली नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या विश्रामला देता येत नाही. तरी मदत मागणाऱ्यांत सहापट वाढ ही लहान गोष्ट नाही. औषध जवळपासच्या दवाखान्यात आधीही होतं. बदललं ते हे की जायला सांगणारी व्यक्ती गावातलीच होती आणि तिच्यापुढे मान खाली घालावी लागत नव्हती.

बायकांचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याची चर्चा अपुरी होते. लहानपणी भुलाबाईच्या गाण्यांना घरोघर फिरून खिरापत ओळखणारी मुलगी लग्नानंतर एका दिवसात सगळ्या मैत्रिणी मागे टाकून येते. सासरी तिचा स्वतःचा म्हणून पहिला गट बहुतेक वेळा बचत गट असतो. दर महिन्याची बैठक, वहीत तिचं नाव, तिच्या सहीला किंमत. पैशांइतकंच हेही मोठं. नवरा गेला की तिचं स्थान एका दिवसात बदलतं: हळदी-कुंकवाला बोलावणं नाही, शुभकार्यात पुढे येणं नाही. आत्महत्याग्रस्त कुटुंबातल्या स्त्रीच्या वाट्याला दुःख, कर्ज आणि हे बाहेर काढलं जाणं एकदमच येतं. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात सगळ्या गावांनी हा आदर्श घ्यावा म्हणून परिपत्रक काढलं. हा ठराव मी आरोग्याचा ठराव मानतो. ज्या जिल्ह्यांत आत्महत्याग्रस्त घरांची संख्या सगळ्यात मोठी, त्या आपल्या जिल्ह्यांतल्या प्रत्येक ग्रामसभेने तो करावा, आणि केल्यावर पहिलं हळदी-कुंकू अशाच एका घरी ठेवावं.

मंडळांना करता येण्यासारखं आणखी एक काम आहे आणि त्याला निधी लागत नाही. प्रार्थनेला, कावडीच्या तयारीला, गटाच्या बैठकीला, सकाळच्या फेरीला नेहमी येणारं माणूस दोन-तीन वेळा आलं नाही, तर त्याच्या घरी जावं. ‘काऊन दिसून नाही राहिला भाऊ?’ एवढं विचारलं तरी सुरुवात होते. बोलण्यातून जगणं नकोसं झाल्याची चाहूल लागली, तर आत्महत्येचे विचार येतात का हे स्पष्ट विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही भीती अभ्यासांनी खोटी ठरवली आहे. उलट माणसाला मोकळं होता येतं. मग त्याला एकटं सोडू नये, दवाखान्यात सोबत जावं. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. पहिला फोन त्याच्या शेजारी बसून लावून द्यावा.